आठवडा मंगळवारी सुरू झाला: एका डेकॅथलॉनपटूच्या सरावाचं नियोजन

मुलगा एकवीस वर्षांचा, पुण्यात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, वजन 74 किलो. मूळचा लांब उडीवाला, शाळेपासून हर्डल्सही (अडथळ्यांची शर्यत) धावत आलेला. डेकॅथलॉन, म्हणजे दोन दिवसांत धावणं, उड्या आणि फेकींच्या दहा प्रकारांची एकच स्पर्धा, खेळायला लागून वर्ष झालं होतं, पण गुण साडेसहा हजारांवर अडले होते. पावसाळा संपता संपता त्याच्या सरावाचा आठवडा नव्याने आखायचं काम माझ्याकडे आलं. आंतरविद्यापीठ स्पर्धेला तेव्हा चौदा आठवडे बाकी होते.

त्याचं जुनं वेळापत्रक वहीत पट्टीने रेघा मारून आखलेलं होतं. सोमवारी शंभर मीटर आणि लांब उडी. मंगळवारी गोळा आणि उंच उडी. बुधवारी चारशे मीटर आणि हर्डल्स. गुरुवारी थाळी आणि भाला. शुक्रवारी जिम. शनिवारी पोल व्हॉल्ट (लांब पोलच्या आधाराने मारायची उंच उडी) आणि पंधराशे. शिवाय रोज संध्याकाळी पाच किलोमीटर जॉगिंग, 'स्टॅमिना राहावा म्हणून'. रविवारी सुट्टी. दहाही प्रकारांना आठवड्यातून एक पाळी, कुणावर अन्याय नाही. या खेळात नव्याने आलेली मुलं हमखास असाच आठवडा आखतात, कारण दहा प्रकार म्हटलं की पहिला विचार वाटणीचाच येतो.

पण पायांना हे दहा प्रकार वेगवेगळे कळत नाहीत. सोमवारचा पूर्ण वेगाचा स्प्रिंट, मंगळवारचा उंच उडीचा टेकऑफ आणि बुधवारचे हर्डल्स हे मांडीच्या मागच्या स्नायूंच्या आणि मज्जासंस्थेच्या लेखी सलग तीन दिवसांचं एकच काम असतं. पूर्ण ताकदीच्या वेगवान कामानंतर सावरायला साधारण 48 तास लागतात. ते या आठवड्यात कुठेच मिळत नव्हते, आणि संध्याकाळचं जॉगिंग उरलीसुरली तरतरीही खाऊन टाकत होतं. बुधवारपर्यंत मांडीमागचं हॅमस्ट्रिंग आखडायचं. गुरुवारी भाला झाला की शुक्रवारी कोपराच्या आतल्या बाजूला दुखायचं. शनिवारी पोल व्हॉल्टला तो रनअपच्या टोकाशी उभा राहायचा तेव्हा पायांत काहीच उरलेलं नसायचं. जो प्रकार सगळ्यात कच्चा, त्याच्या वाट्याला सगळ्यात थकलेला दिवस येत होता.

वेळापत्रक बदलण्याआधी आम्ही गुणपत्रक घेऊन बसलो. डेकॅथलॉनचे गुण ठरावीक सूत्राने मिळतात. प्रत्येक प्रकाराचे स्थिरांक वेगळे आणि तक्ता सगळ्या जगाला एकच. त्याची कामगिरी अशी होती. पहिल्या दिवशी 100 मीटर 11.25 सेकंद (806 गुण), लांब उडी 6.85 मीटर (778), गोळा 11.40 मीटर (570), उंच उडी 1.88 मीटर (696), 400 मीटर 50.80 सेकंद (778). दुसऱ्या दिवशी 110 मीटर हर्डल्स 15.12 सेकंद (835), थाळी 34.00 मीटर (544), पोल व्हॉल्ट 3.20 मीटर (406), भाला 46.00 मीटर (530), 1500 मीटर 4 मिनिटं 50 सेकंद (619). पहिल्या दिवसाचे 3628, दुसऱ्याचे 2934, एकूण 6562.

दोन दिवसांतली ही जवळपास सातशे गुणांची दरी मला सगळ्यात बोलकी वाटली. फ्रान्सच्या केविन मायरने सप्टेंबर 2018 मध्ये तालांस इथे 9126 गुणांचा विश्वविक्रम केला. त्याचे पहिल्या दिवशी 4563 झाले आणि दुसऱ्या दिवशीही बरोबर 4563. दिवसांचा असा काटेकोर समतोल हा योगायोगच, पण त्याच्या पोल व्हॉल्टच्या 5.45 मीटरला 1051 आणि भाल्याच्या 71.90 मीटरला 918 गुण होते, यात योगायोग नाही. उड्या मारत, धावत डेकॅथलॉनमध्ये आलेल्या मुलांचा पहिला दिवस आयता चांगला जातो. दुसरा दिवस मात्र मुद्दाम घडवावा लागतो. आपला तेजस्विन शंकर हा मुळात उंच उडीचा राष्ट्रीय विक्रमवीर. 2023 च्या हांगझौ आशियाई स्पर्धेत पहिल्या दिवसाअखेर आघाडीवर तोच होता. शेवटी चीनच्या सुन छीहाओने 7816 गुणांसह सुवर्ण नेलं आणि तेजस्विनला 7666 गुण, नवा राष्ट्रीय विक्रम आणि रौप्य मिळालं. 1974 नंतर आशियाई क्रीडा स्पर्धांत या प्रकारातलं आपलं ते पहिलं पदक होतं.

मग प्रश्न आला की मेहनत कुठे टाकली तर गुण कुठे वाढतात. शंभर मीटरमध्ये दहा शतांश सेकंद कमी केले तर त्याला बावीसेक गुण मिळणार होते, आणि 11.25 वरून 11.15 वर यायला कधी कधी अख्खा मोसम जातो. गोळा एक मीटर पुढे पडला तर 61 गुण. पंधराशेत दहा सेकंद वाचले तरी 61. भाला पाच मीटर लांब गेला तर 73. आणि पोल व्हॉल्टमध्ये 3.20 वरून 4.00 मीटरवर गेला तर 211. तिथला प्रत्येक दहा सेंटिमीटरचा टप्पा पंचवीस ते अठ्ठावीस गुणांचा होता, म्हणजे शंभर मीटरमधल्या दहा शतांशांहून जास्त मोलाचा. हे त्याला कागदावर दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "सर, मग मी वर्षभर चुकीच्या दिवशी व्हॉल्ट करत होतो." दिवस चुकीचा होता हे खरंच. पण त्यामागे आणखी एक अडचण होती.

पोल व्हॉल्टची गादी. ज्या मैदानावर तो सराव करतो तिथे गादी एकच. तिचं आवरण काढून, पोल टेकवायच्या पेटीजवळची जागा साफ करून ती वापरायला मिळायची फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी. त्या दोन सकाळी व्हॉल्टचे प्रशिक्षक तिथे असत आणि त्यांच्याशिवाय गादी न उघडण्याचा नियम योग्यच होता. बाकी नऊ प्रकारांचे दिवस हवे तसे हलवता येत होते. हे दोन मात्र खुंटीला बांधलेले होते. म्हणून आम्ही आठवडा तिथूनच आखायला घेतला.

मंगळवारी ताजे पाय हवेत तर सोमवारी पूर्ण विश्रांती हवी. सोमवारी सुट्टी घेतली की रविवार सरावाला मोकळा होतो, आणि कॉलेज नसलेला तो एकच दिवस. डेकॅथलॉनला सलग तीन-चार तासांचं सत्र कधीतरी लागतंच, कारण स्पर्धेत दोन प्रकारांच्या मध्ये किमान तीस मिनिटं असतात आणि ती कशी घालवायची, पुन्हा वॉर्मअप कितपत करायचा, खायचं काय, हेही शिकावं लागतं. लेक्चरच्या आधीच्या दोन तासांत ते जमत नाही. हॉस्टेलमधली सगळी मुलं रविवारी उशिरापर्यंत झोपणार आणि हा मैदानावर, हे त्याला पहिले काही दिवस जड गेलं. पण आठवड्याचा सांगाडा या एका अदलाबदलीने उभा राहिला. आठवडा मंगळवारी सुरू होणार आणि रविवारी संपणार.

मंगळवार सकाळ व्हॉल्टची. आधी स्टार्टिंग ब्लॉकमधून तीस मीटरच्या चार धावा, पूर्ण विश्रांती घेऊन. वेग जागा झाला की लगेच पोल हातात. बारा ते चौदा उड्या, त्यातल्या निम्म्या आठ पावलांच्या छोट्या रनअपवरून. हा मुलगा 3.20 वर का अडला होता ते पहिल्याच सकाळी दिसलं. पोलवर तो मूठ जिथे धरायचा तिथून पोल उभाच व्हायचा नाही, कारण शेवटच्या तीन पावलांत तो पोल उशिरा खाली आणत होता आणि पेटीपाशी पोहोचेपर्यंत वेग निम्मा झालेला असायचा. लांब उडीवाल्याला वेगाची कमी नाही. वेग पोलमध्ये उतरत नव्हता, एवढंच. पोलवर चिकटपट्टीने खूण केली, मूठ एक वीत खाली घेतली आणि पोल टेकवण्याची क्रिया चालत, मग जॉगिंग करत, मग सहा पावलांवरून अशी परत बसवली. पोल निवडताना एक नियम आम्ही कधीच सोडला नाही. पोलवर छापलेलं वजन खेळाडूच्या वजनाहून कमी नको, कारण वेग वाढला की तोच पोल भलताच वाकतो.

मंगळवारी संध्याकाळी गोळा आणि जिम. आधी पंधरा-अठरा गोळे, मग वजन घेऊन पॉवर क्लीन आणि स्क्वॉट. जड काम जड दिवशीच आटपायचं, म्हणजे हलका दिवस खरोखर हलका राहतो. ही एकच गोष्ट पाळली तरी निम्म्या दुखापती टळतात असं माझं ठाम मत आहे.

बुधवार हलका. गवतावर शंभर मीटरच्या आठ-दहा धावा, सत्तर टक्के वेगाने, मध्ये चालत परत. त्यानंतर अर्धा-पाऊण तास थाळी, बहुतेक उभ्याने आणि अर्ध्या फिरकीने. थाळी दोन किलोची, पण तंत्रावर फेकली तर पायांना फारसा ताण देत नाही, म्हणून ती हलक्या दिवशी बसते. संध्याकाळचं जॉगिंग पूर्ण बंद. त्याने यावर वाद घातला, पंधराशेचं कसं होणार म्हणून. पंधराशे 4 मिनिटं 40 सेकंदांत धावायचे तर चारशे मीटरच्या एका फेरीला पावणेपंचाहत्तर सेकंद लागतात. किलोमीटर सहा मिनिटांच्या जॉगिंगचा या चालीशी काही संबंध नाही. चारशेची धाप सहन करणारा आणि पावणेपंचाहत्तरची लय पायात बसलेला मुलगा पंधराशे काढतो. शेवटी त्या शर्यतीला उतरताना नऊ प्रकार अंगावर असतात.

गुरुवार पुन्हा जड. हर्डल्स पाच-पाच, अंतर नेहमीच्या 9.14 मीटरपेक्षा थोडं कमी करून, म्हणजे तीन पावलांची लय वेगाने बसते. त्यानंतर आलटून पालटून एका आठवड्यात लांब उडी, दुसऱ्यात उंच उडी, दोन्ही छोट्या रनअपवरून. शेवटी अडीचशे मीटरच्या चार धावा.

शुक्रवारचा व्हॉल्ट हा या नियोजनातला सगळ्यात वादाचा भाग. गुरुवारच्या अडीचशेनंतर पाय दगड झालेले असतात, मग दुसऱ्याच सकाळी पोल कशाला, असं मैदानावरच्या अनुभवी मंडळींनीही विचारलं. गादी शुक्रवारीच मिळते हे एक कारण झालं. दुसरं कारण माझ्या लेखी जास्त वजनाचं होतं. डेकॅथलॉनमध्ये पोल व्हॉल्ट आठवा प्रकार असतो. आदल्या संध्याकाळी चारशे मीटर झालेले असतात, सकाळी हर्डल्स आणि थाळी. ताज्या पायांनी व्हॉल्ट करायची संधी डेकॅथलॉनपटूला स्पर्धेत मिळतच नाही. नुसता मंगळवारी सराव करणाऱ्या मुलाचा रनअप स्पर्धेत अर्ध्या पावलाने आखूड पडतो, टेकऑफ चुकतो, आणि सुरुवातीच्याच उंचीवर तीन प्रयत्न संपले की त्या प्रकाराचा शून्य. तेव्हा मंगळवार शिकण्याचा आणि शुक्रवार थकलेल्या पायांनी तेच सांभाळण्याचा, अशी वाटणी केली. शुक्रवारी मूठ मंगळवारपेक्षा खाली, पोल मऊ नाही पण छोटा, उड्या आठच, आणि उंची नेहमी येणाऱ्या उंचीपेक्षा तीस-चाळीस सेंटिमीटर कमी. नवीन काही शिकवायचं नाही. व्हॉल्टनंतर भाल्याच्या बारा-पंधरा सावकाश फेकी, पाच पावलांवरून, कोपर खांद्याच्या वर राहतंय ना एवढंच पाहत.

शनिवारी पोहणं किंवा गवतावर हलकं पळणं, मेडिसिन बॉल, आणि लवकर झोप.

रविवार दोन प्रकारचे. एका आठवड्यात पहिल्या दिवसाचा क्रम: ब्लॉकमधून साठ मीटर, लांब उडी पूर्ण रनअपवरून, गोळा, उंच उडी, शेवटी तीनशे मीटर एकदाच. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या दिवसाचा, व्हॉल्ट वगळून: हर्डल्स, थाळी, भाला, आणि चारशे मीटरच्या पाच फेऱ्या प्रत्येकी 75-76 सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं. भाल्याला पूर्ण जोर फक्त या रविवारी, म्हणजे पंधरा दिवसांतून एकदा. लांब उडी आणि फेकींना प्रत्येकी तीनच प्रयत्न, स्पर्धेत असतात तसे. सरावात दहावा गोळा छान पडतो याचा डेकॅथलॉनला उपयोग नाही.

एका रविवारचं सांगतो, कारण तिथे नियोजनाची खरी परीक्षा झाली. थाळीचे पहिले दोन प्रयत्न त्याने जाळीत मारले. तिसऱ्याला तो पूर्ण फिरकी घ्यायला निघाला, तेव्हा मी काहीच बोललो नाही. तो वर्तुळात उभा राहिला, थाळी दोनदा झुलवली, मग पाय बदलून अर्ध्या फिरकीला उभा राहिला आणि एकतीस मीटरच्या आसपास सरळ फेकली. त्या एकतीस मीटरना तक्त्यात चारशे ऐंशीच्या वर गुण आहेत. जाळीत गेलेल्या थाळीला शून्य. बुधवारच्या कंटाळवाण्या अर्ध्या फिरक्या त्या क्षणी कामाला आल्या.

चौथ्या आठवड्यात सगळा भार साठ टक्क्यांवर आणला, आणि पुढेही दर चौथा आठवडा तसाच ठेवला. पाचव्या आठवड्यात एक दुरुस्ती करावी लागली. शुक्रवारी तो रनअप घेऊन पेटीपाशी येऊन उडी न मारताच धावत पुढे जायला लागला, एका सकाळी तीनदा. व्हॉल्टमध्ये ही सवय लागली की सुटायला महिने जातात. पायांची भीती डोक्यात शिरण्याआधी थांबवायला हवं होतं. गुरुवारच्या चार अडीचशेंच्या दोन केल्या आणि शुक्रवारचा रनअप सहा पावलांवर आणला. दोन आठवड्यांत धावत निघून जाणं थांबलं, मग पावलं परत आठ केली.

स्पर्धेचा आकडा 6940. पहिला दिवस 3676, दुसरा 3264. वाढलेल्या 378 गुणांपैकी 330 दुसऱ्या दिवसाचे, आणि त्यातले 184 एकट्या पोल व्हॉल्टचे: 3.90 मीटर, 590 गुण. थाळी 36.40 मीटर (592), भाला 49.10 मीटर (575), पंधराशे 4:43.40 (659), आणि तेही जॉगिंग न करता. हर्डल्स 15.01 (848). पहिल्या दिवशी शंभर मीटर 11.20 (817), गोळा 12.02 (608), चारशे 50.52 (791), उंच उडी जिथल्या तिथे. कोपराने सबंध चौदा आठवडे तक्रार केली नाही.

व्हॉल्टची झेप सगळी वेळापत्रकामुळे झाली असं मी म्हणणार नाही. जो प्रकार आजवर नीट शिकवलाच गेला नव्हता, तिथे सुरुवातीचे गुण भराभर येतात. 3.90 वरून 4.30 ला जाताना ही गती राहणार नाही. पण नीट शिकायला ताजा दिवस लागतो, तो या आठवड्याने दिला. आणि स्पर्धेत थाळीनंतर तासाभराने तो पहिल्याच प्रयत्नात सुरुवातीची उंची पार करून गेला, ते शुक्रवारांचं देणं आहे यात मला शंका नाही.

लांब उडी घटली. 6.79 मीटर, 764 गुण, म्हणजे चौदा गुणांचा तोटा, तोही त्याच्या हक्काच्या प्रकारात. पहिले दोन प्रयत्न फाउल गेले आणि तिसरा त्याने टेकऑफच्या फळीच्या बराच मागून सांभाळून मारला. कारण सरळ होतं. तो वेगवान झाला होता, पण पूर्ण रनअप पंधरा दिवसांतून एकदाच होत असल्यामुळे पावलांच्या खुणा जुन्याच राहिल्या होत्या. यात अख्खी स्पर्धा हातून जाऊ शकते हे मायरच्याच बाबतीत जगाने पाहिलंय. ऑगस्ट 2018 मध्ये बर्लिनच्या युरोपियन स्पर्धेत लांब उडीत तीन फाउल होऊन त्याची स्पर्धा तिथेच संपली. विश्वविक्रम त्यानंतर महिन्याभराने आला. आमच्या मुलाचा तिसराही प्रयत्न फाउल गेला असता तर व्हॉल्टने कमावलेलं सगळं तिथेच जाऊन वर खड्डा पडला असता.

पुढच्या टप्प्यासाठी आठवड्याचा सांगाडा तोच ठेवलाय, सोमवारच्या सुट्टीसकट. बदल दोन. गुरुवारी हर्डल्सच्या आधी लांब उडीचे चार पूर्ण रनअप, उडी न मारता फळीवर पाय ठेवून पुढे धावायचं आणि दर आठवड्याला खुणा मोजून वहीत लिहायच्या. दुसरा बदल मंगळवारचा: उड्यांची संख्या चौदावरून दहावर, पण बहुतेक बारा पावलांवरून आणि 4.30 मीटरच्या पोलवर. तो पोल दुसऱ्या एका व्हॉल्टरकडून उन्हाळ्यापर्यंत वापरायला मिळालाय. पहिल्या मंगळवारी मूठ पुन्हा खालीच धरायची, हे त्याला आत्ताच सांगून ठेवलंय.